स्कॉटिश हायलँड्समधील मोटरहोम सांडपाणी विल्हेवाट

स्कॉटिश हायलँड्समधील मोटरहोम सांडपाणी विल्हेवाट या विषयात स्कॉटलंडच्या उत्तर व वायव्य डोंगराळ प्रदेशात मोटरहोम किंवा कॅम्पर व्हॅनने प्रवास करणाऱ्या पर्यटकांच्या वाहनांत साठणारा मैला, सांडपाणी व घनकचरा योग्य ठिकाणी रिकामा करण्याची व्यवस्था आणि तिचे पूर्वनियोजन यांचा समावेश होतो. शहरांच्या आसपास ही बाब किरकोळ असते. हायलँड्समध्ये मात्र विल्हेवाट केंद्रांमधील मोठे अंतर, लहान गावांचे सेप्टिक टाक्यांवरील अवलंबित्व आणि थंड, पाणथळ जमीन यांमुळे मुक्काम कोठे करायचा व केव्हा पुढे निघायचे, हे बरेचदा वाहनातील टाकीच्या क्षमतेवर ठरते.

## पार्श्वभूमी

हायलँड परिषदेचे क्षेत्र सुमारे २६,००० चौरस किलोमीटर असून ते क्षेत्रफळाने युनायटेड किंग्डममधील सर्वांत मोठे स्थानिक प्रशासकीय क्षेत्र आहे. स्कॉटलंडच्या भूभागाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग त्यात मोडतो. लोकसंख्या मात्र अडीच लाखांच्या आत आहे. वायव्य किनाऱ्यावरील अनेक वस्त्या मोजक्या घरांच्या आहेत. तेथील रस्ते एकाच वाहनाच्या रुंदीचे असून समोरून येणाऱ्या वाहनाला वाट देण्यासाठी ठरावीक अंतरावर जागा सोडलेल्या असतात.

२०१५ मध्ये 'नॉर्थ कोस्ट ५००' हा पर्यटनमार्ग सुरू करण्यात आला. इन्व्हरनेस किल्ल्यापासून निघून पश्चिम व उत्तर किनाऱ्याने वळसा घेत पुन्हा तेथेच येणारा हा मार्ग ५१६ मैल, म्हणजे सुमारे ८३० किलोमीटर लांबीचा आहे. त्याच्या प्रसिद्धीनंतर मोटरहोमची वर्दळ लक्षणीय वाढली. २०२० व २०२१ मध्ये कोविड साथीमुळे परदेश प्रवासावर बंधने आल्याने देशांतर्गत पर्यटकांचा ओघ आणखी वाढला. याच काळात रस्त्याकडेच्या थांब्यांवर व समुद्रकिनाऱ्यांवर मैला टाकला जात असल्याच्या तक्रारी स्थानिक रहिवाशांनी मोठ्या प्रमाणावर मांडल्या आणि हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला.

## वाहनातील कचऱ्याचे प्रकार

* मैला: बहुसंख्य युरोपीय मोटरहोममध्ये कॅसेट शौचालय असते. बैठकीखालील काढता येण्याजोग्या पेटीत मैला साठतो. या पेटीची क्षमता साधारणतः १७ ते २० लिटर असते. काही मोठ्या वाहनांत कायम बसवलेली टाकी असते व ती नळीने रिकामी करावी लागते.
* धुण्याचे सांडपाणी: भांडी धुणे, अंघोळ, हात-तोंड धुणे यांचे पाणी वाहनाखालील वेगळ्या टाकीत जमते. मध्यम आकाराच्या वाहनात ही टाकी सुमारे १०० लिटरची असते. या पाण्यात साबण, तेल व अन्नकण असतात.
* घनकचरा: वेष्टने, बाटल्या, डबे, उरलेले अन्न, तसेच ओले पुसणे व लहान मुलांचे डायपर. शेवटच्या दोन वस्तू कॅसेटमध्ये टाकल्यास झडप अडकते आणि विल्हेवाट केंद्राची वाहिनी तुंबते.

## विल्हेवाट केंद्रे

कॅसेट रिकामी करण्याच्या अधिकृत जागेला ब्रिटनमध्ये 'रासायनिक विल्हेवाट केंद्र' म्हणतात. रासायनिक शौचालये बनवणाऱ्या एल्सन या ब्रिटिश कंपनीच्या नावावरून बोलीभाषेत तिला 'एल्सन पॉइंट' असेही म्हटले जाते. येथे मैला ओतण्यासाठी रुंद कुंड आणि कॅसेट विसळण्यासाठी नळ असतो. हा नळ पिण्याच्या पाण्याचा नसतो. पिण्याच्या पाण्याचा नळ त्यापासून दूर ठेवला जातो. सांडपाण्याच्या टाकीसाठी बहुधा जमिनीत जाळी बसवलेली असते व वाहन तिच्यावर उभे करून झडप उघडली जाते.

अशी केंद्रे मुख्यतः शुल्क आकारणाऱ्या मोटरहोम तळांवर असतात. काही तळ मुक्काम न करणाऱ्यांनाही थोड्या शुल्कात ही सोय वापरू देतात. काही सार्वजनिक वाहनतळांवर व गावसंस्थांच्या जागांवरही केंद्रे उभारली गेली आहेत. मात्र बरेच तळ एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्याच हंगामात चालू असतात. हिवाळ्यात पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून उघड्यावरील पाणीपुरवठा बंद ठेवला जातो.

सार्वजनिक शौचालय हा विल्हेवाट केंद्राचा पर्याय नाही. त्याचे भांडे व वाहिनी एकदम २० लिटर मैला सामावून घेण्यासाठी बनवलेली नसते. शिवाय दुर्गम भागातील अशी शौचालये बहुधा सेप्टिक टाकीला जोडलेली असतात.

## सेप्टिक टाकी व रसायने

हायलँड्समधील विखुरलेली घरे, लहान हॉटेले व मोटरहोम तळ यांचे सांडपाणी सामान्यतः खासगी सेप्टिक टाकीत जाते. स्कॉटिश वॉटर ही सार्वजनिक संस्थाही लहान गावांसाठी सामाईक सेप्टिक टाक्या चालवते. या टाकीत जड भाग तळाशी बसतो, स्निग्ध भाग वर तरंगतो आणि ऑक्सिजनविरहित अवस्थेत जगणारे जीवाणू गाळाचे अंशतः विघटन करतात. मधल्या थरातील पाणी शोषक्षेत्रातून जमिनीत मुरते. ही सर्व व्यवस्था जीवाणूंच्या जोरावर चालते.

कॅसेटमध्ये दुर्गंधी रोखण्यासाठी घातल्या जाणाऱ्या पारंपरिक निळ्या द्रवात फॉर्माल्डिहाइड किंवा तत्सम जंतुनाशक असते. दुर्गंधी निर्माण करणारे जीवाणू त्यामुळे मरतात. नेमका हाच गुण सेप्टिक टाकीत घातक ठरतो. मोठ्या शहराच्या शुद्धीकरण केंद्रात असे द्रव्य पुरेसे विरल होते. काही हजार लिटरच्या टाकीत एकाच सकाळी अनेक कॅसेटी ओतल्या गेल्यास मात्र विघटन मंदावते. न कुजलेला गाळ पाण्याबरोबर शोषक्षेत्रात जाऊन तेथील माती बंद करतो आणि मैलामिश्रित पाणी पृष्ठभागावर येऊ लागते. दुरुस्तीचा खर्च तळाच्या मालकावर किंवा गावावर पडतो, तर तो घडवून आणणारी वाहने तोपर्यंत पुढे गेलेली असतात.

या कारणाने अनेक तळांवर फॉर्माल्डिहाइडविरहित द्रव वापरण्याची अट असते. असे द्रव बाजारात बहुधा हिरव्या रंगात मिळतात. मात्र केवळ रंगावर विसंबणे योग्य नसते. सेप्टिक टाकीस सुरक्षित असल्याचा उल्लेख वेष्टनावर असावा लागतो.

## पर्यावरणीय परिणाम

हायलँड्सचा मोठा भाग पीटभूमीने व्यापलेला आहे. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा आम्लधर्मी, पाण्याने भरलेला थर. थंडी, आम्लता व ऑक्सिजनचा अभाव यांमुळे तेथे विघटन अत्यंत मंद असते. त्यामुळे जमिनीत पुरलेला कागद व मैला दीर्घकाळ टिकून राहतो. केथनेस व सदरलँडमधील 'फ्लो कंट्री' या विस्तीर्ण पीटभूमीला २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

अनेक दूरच्या घरांचे पिण्याचे पाणी झरे व ओहोळ यांतून खासगी नळाने घेतले जाते. रस्त्याकडेचा निर्जन वाटणारा ओहोळ खालच्या एखाद्या घराचा पाणीस्रोत असू शकतो. मैल्यातील ई. कोलाय, नोरोव्हायरस यांसारखे रोगकारक घटक त्यातून पसरण्याचा धोका असतो. पोषकद्रव्ये वाढल्यास स्वच्छ, वेगवान नद्यांवर अवलंबून असणाऱ्या गोड्या पाण्यातील मोतीशिंपल्यालाही हानी पोहोचते.

धुण्याचे सांडपाणी निरुपद्रवी असल्याचा समज आढळतो. ग्रामीण भागात रस्त्याकडेच्या जाळीतून जाणारे पाणी बहुधा शुद्धीकरण केंद्रात न जाता सरळ जवळच्या ओहोळात पोहोचते. त्यामुळे चालत्या वाहनातून झडप थोडी उघडी ठेवणे हेही प्रदूषणच ठरते.

## कायदेशीर चौकट

'भूमी सुधारणा (स्कॉटलंड) अधिनियम २००३' नुसार जबाबदारीने वागण्याच्या अटीवर बहुतेक मोकळ्या जमिनीवर पायी, सायकलने वा घोड्यावरून वावरण्याचा व अल्पकाळ तंबू ठोकण्याचा हक्क मिळतो. मोटारवाहनांना हा हक्क लागू नाही; मोटरहोममध्ये रात्री झोपणे 'मुक्त तंबूवासा'च्या व्याख्येत बसत नाही. १९९० च्या 'पर्यावरण संरक्षण अधिनियमा'नुसार प्रदूषण होईल अशा रीतीने कचरा टाकणे हा गुन्हा आहे.

'स्कॉटिश आउटडोअर ॲक्सेस कोड' ही मार्गदर्शिका शौचालय उपलब्ध नसल्यास पदयात्रींनी पाण्यापासून शक्य तितके दूर उथळ खड्ड्यात मलविसर्जन करून तो बुजवावा, असे सांगते. ही सवलत एकट्या पदयात्रीच्या गरजेपुरती आहे. रसायनमिश्रित कॅसेट खड्ड्यात रिकामी करण्याचे समर्थन तीतून होत नाही.

## प्रवासाचे नियोजन

नियोजनाचा आधार सोपा आहे: कॅसेटची क्षमता भागिले दैनंदिन भर. फ्लशच्या पाण्यासह दोन व्यक्तींची भर रोज ५ ते ६ लिटर धरल्यास १८ लिटरची कॅसेट सुमारे तीन दिवस पुरते. चौघांच्या कुटुंबाला ती दीड दिवसही जेमतेम पुरते. टाकी पूर्ण भरण्याची वाट न पाहता एक दिवस राखून ठेवणे इष्ट असते, कारण रस्ता बंद होणे किंवा केंद्र बंद असणे या दोन्ही गोष्टी या प्रदेशात अनपेक्षित नसतात.

नॉर्थ कोस्ट ५०० मार्गावर इन्व्हरनेसहून सरळ उलापूलला जाणारा रस्ता सुमारे ९० किलोमीटर, उलापूल ते डर्नेस सुमारे ११० आणि डर्नेस ते थर्सो सुमारे १२० किलोमीटर आहे. अंतरे लहान दिसली, तरी एकेरी रस्त्यांवर वेग फार कमी राहतो व वाटेत मुक्काम वाढतात. म्हणून रोज तळावर न थांबणारे प्रवासीही दर दुसऱ्या वा तिसऱ्या रात्री सोय असलेल्या तळाचे आरक्षण करतात. उन्हाळ्यात हे तळ लवकर भरतात.

नियोजनात पुढील बाबी विचारात घेतल्या जातात:

* केंद्र चालू आहे का व बाहेरच्या वाहनांना परवानगी आहे का, याची निघण्यापूर्वी दूरध्वनीने खात्री. अनेक दऱ्यांत मोबाइल संपर्क मिळत नाही.
* दुसरी रिकामी कॅसेट. तिच्यामुळे मुदत दुप्पट होते, परंतु ती ठेवण्यास जागा लागते.
* तळावरील शौचालय व स्नानगृह यांचा वापर, म्हणजे वाहनातील टाक्या सावकाश भरतात.
* भांडी धुण्यापूर्वी कागदाने पुसणे. सांडपाण्यातील तेल व दुर्गंधी दोन्ही घटतात.
* वजन. भरलेली १०० लिटरची टाकी सुमारे १०० किलोची भर घालते. अनेक मोटरहोमची कमाल वजनमर्यादा ३,५०० किलो असते.
* मार्गाची योग्यता. ॲपलक्रॉसकडे जाणारी ६२६ मीटर उंचीची बेलाख ना बा ही खिंड तीव्र चढ व अरुंद वळणांमुळे मोठ्या वाहनांस अयोग्य मानली जाते. त्यांच्यासाठी शील्डेगमार्गे किनाऱ्याचा लांबचा रस्ता आहे.
* हातमोजे, हात धुण्याचे पाणी आणि ओतल्यानंतर कुंड स्वच्छ धुणे.

## स्थानिक उपाययोजना

स्कॉटिश सरकारने २०१८ मध्ये ग्रामीण पर्यटन पायाभूत सुविधा निधी सुरू केला. त्यातून वाहनतळ, शौचालये व मोटरहोम विल्हेवाट केंद्रांना साहाय्य मिळाले. 'फॉरेस्ट्री अँड लँड स्कॉटलंड' या संस्थेच्या 'स्टे द नाइट' योजनेत ठरावीक वनवाहनतळांवर एका रात्रीचा मुक्काम करता येतो. मात्र वाहनात स्वतःचे शौचालय व सांडपाण्याची टाकी असणे त्यासाठी बंधनकारक आहे.

हायलँड परिषदेने २०२४ मध्ये सात दिवसांसाठी ४० पौंडांचे ऐच्छिक शुल्क सुरू केले. पर्यटकांच्या वापरातील सुविधांचा भार थोड्या लोकसंख्येवर पडू नये, हा त्यामागील एक विचार होता. परिषदेने स्वतः मुक्कामाच्या जागा पुरवल्यास खासगी तळांच्या व्यवसायावर परिणाम होईल, असा आक्षेपही घेतला गेला.

## अन्य देशांतील व्यवस्था

फ्रान्समध्ये नगरपालिकांनी चालवलेली मोटरहोम सेवास्थानके गावोगावी आढळतात. नॉर्वेतही रस्त्यालगत टाक्या रिकाम्या करण्याची केंद्रे आहेत. न्यू झीलंडमध्ये मोकळ्या जागी मुक्काम करू इच्छिणाऱ्या वाहनांसाठी स्वयंपूर्णतेचे प्रमाणपत्र असून, तीन दिवसांचे पाणी व मैला सामावण्याची क्षमता हा त्याचा निकष आहे. २०२३ च्या कायद्याने त्यात कायम बसवलेल्या शौचालयाची अट घालण्यात आली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले असून त्यात कॅराव्हॅन उद्यानांची तरतूद आहे.

## हेही पहा

* मोटरहोम
* सेप्टिक टाकी
* नॉर्थ कोस्ट ५००
* पीटभूमी