इब्न सिनाची अट

धुळ्याला माझ्या मावसबहिणीच्या चार वर्षांच्या मुलाला डॉक्टरांनी 'डायलेटेड कार्डिओमायोपॅथी' सांगितली. यात हृदयाचा स्नायू दुर्बळ होतो, हृदय फुगतं आणि रक्त पुरेसं पुढे ढकललं जात नाही. गोळ्या सुरू झाल्या. आठवड्याभरात जळगावहून नानी अर्जुनसालीची पूड आणि खमिऱ्याची डबी घेऊन पोहोचल्या. "इंग्रजी दवा बंद करा. हे झाडपाल्याचं आहे, याने नुकसान होत नाही." घरात जुनी पुस्तकं वाचणारा मीच, म्हणून मला विचारलं गेलं.

नानींचा विश्वास हवेतला नाही. सातपुड्यातल्या नाल्याकाठी अर्जुनसादडा उभा असतो. अकराव्या शतकातल्या चक्रदत्ताने त्याची साल हृद्रोगावर सांगितली आहे. त्याच शतकात, १०३७ साली वारलेल्या इब्न सिनाने केवळ हृदयाच्या औषधांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. युनानी हकिमांचे खमिरे त्याच परंपरेतले.

पण याच इब्न सिनाने 'कानून'मध्ये औषध पारखण्याच्या अटीही घातल्या. परिणाम वारंवार दिसला पाहिजे, नाहीतर तो योगायोग. आणि औषध माणसावरच तपासलं पाहिजे. सिंहावर किंवा घोड्यावर जे झालं ते माणसावर होईलच असं नाही.

झाडपाल्याचं नुकसान होत नाही, हेही खरं नाही. आपल्या अंगणातल्या बिट्टीच्या बिया हृदय बंद पाडू शकतात. तिच्यासारखंच विष इंग्लंडच्या फॉक्सग्लोव्ह या झाडात आहे. विल्यम विदरिंगने गावठी काढ्यातून ते झाड ओळखलं, दहा वर्षं रोग्यांच्या नोंदी ठेवल्या आणि १७८५ साली फसलेल्या प्रयोगांसह छापल्या. त्याच जातीच्या दुसऱ्या झाडातून १९३० साली डिगॉक्सिन वेगळं काढलं गेलं. ते आजही काही मुलांना वजनानुसार, मोजून देतात. जास्त झालं तर तेच जीव घेतं.

अर्जुनाचीही पारख झाली. १९९५ साली इंदूरच्या डॉक्टरांनी हृदय निकामी होत आलेल्या १२ रुग्णांमध्ये फायदा नोंदवला. २०१६ साली छापलेल्या मोठ्या चाचणीत १०० रुग्ण होते. त्यात हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद वाढली नाही. दोन्हीकडे रुग्ण प्रौढ होते. चार वर्षांच्या मुलाबद्दल त्या काही सांगत नाहीत.

पूरक औषधाने मुलाचं हृदय सुधारतंही, पण जिथे उणीव असते तिथे. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फार कमी पडलं तर बाळाचं हृदय असंच फुगतं, आणि ते भरून दिल्यावर पुष्कळदा सावरतं. ती उणीव आहे का, हे रक्त तपासल्यावरच कळतं.

नानींना मी इब्न सिनाची अट सांगितली. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टरांना डबी दाखवून विचार तरी." विचारलं. डबी कपाटात गेली, गोळ्या चालू आहेत. पुढच्या महिन्यात एको आहे. दुआ करा.