रेवदंड्याच्या खाडीतील आरमारी युद्ध : मार्च १५०८

कुंडलिका नदी जेथे समुद्रास मिळते, त्या मुखाच्या उत्तरेस रेवदंडा व दक्षिणेस कोर्लई ही गावे वसलेली आहेत. ‘रेव’ म्हणजे वाळू व ‘दांडा’ म्हणजे पाण्यात शिरलेली जमिनीची पट्टी, असा अर्थ घेतल्यास रेवदंडा हे नाव स्थळाचे वर्णनच ठरते. पोर्तुगीजांनी येथे कोट उभारण्यास १५२१ मध्ये आरंभ केला. त्यापूर्वी तेरा वर्षे, मार्च १५०८ मध्ये, चेऊल बंदराच्या याच खाडीत त्यांना हिंदी महासागरातील पहिला मोठा आरमारी पराभव पत्करावा लागला. या पराभवाची कारणमीमांसा बहुधा तोफा, संख्याबळ व सेनानींचे शौर्य यांच्या आधारे केली जाते. पोर्तुगीज इतिहासकारांच्या हकीकती लक्षपूर्वक वाचल्यास मात्र शेवटच्या दिवसाच्या निकालात खाडीच्या पाण्याचा व तेथील मच्छीमारांच्या खुंटांचा वाटा फार मोठा होता, असे दिसून येते.

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचल्यानंतर मसाल्याच्या व्यापाराचा तांबड्या समुद्रातील जुना मार्ग धोक्यात आला. त्या मार्गावरील जकातीवर इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे उत्पन्न बरेचसे अवलंबून होते. म्हणून सुलतान कान्सूह अल्-घौरी याने सुएझ येथे जहाजे बांधवून अमीर हुसेनच्या हाताखाली एक आरमार हिंदुस्थानाकडे रवाना केले. ते १५०७ मध्ये दीव येथे आले. दीवचा सुभेदार मलिक अयाझ हा गुजरातच्या महमूद बेगड्याचा सेवक होता. याच सुमारास पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा तरुण पुत्र लॉरेन्सो कोचीनच्या व्यापारी गलबतांच्या रक्षणार्थ चेऊलला आला होता. बंदर अहमदनगरच्या निजामशाहीचे होते. लढणाऱ्या आरमारांपैकी मात्र एकही येथले नव्हते.

समुद्राकडून जहाजे येताना दिसली, तेव्हा ती आल्बुकर्कची असावीत असा पोर्तुगीजांचा समज झाला. तो फिटेपर्यंत हुसेनचे आरमार खाडीत शिरले होते. तोफांच्या माऱ्यात पोर्तुगीजांची सरशी होती. परंतु शत्रूच्या जहाजास भिडून त्यावर चढून जाण्याचा लॉरेन्सोचा प्रयत्न वारा व प्रवाह यांमुळे फसला. पुढे मलिक अयाझ तीस-चाळीस हलक्या वल्ह्यांच्या नौका घेऊन हुसेनच्या मदतीस आला, आणि बलाबलाचे पारडे फिरले. खाडीबाहेर निघून जाण्यावाचून पोर्तुगीजांना गत्यंतर उरले नाही.

हा निर्गमनाचा दिवसच निर्णायक ठरला. मागे राहिलेल्या लॉरेन्सोच्या जहाजास पाण्याच्या पातळीजवळ गोळा लागला व आत पाणी भरू लागले. जड झालेले जहाज सुकाणूस दाद देईना. ते प्रवाहाबरोबर वाहत जाऊन मच्छीमारांनी खाडीत रोवलेल्या खुंटांत अडकले. पायो द सौझा याने आपल्या वल्ह्यांच्या जहाजाने ते ओढून काढण्याचा यत्न केला, परंतु दोर टिकला नाही. ओहोटीने मुखाकडे नेलेल्या इतर जहाजांना प्रवाहाविरुद्ध मागे येता येईना. लहान होडीतून निसटून जाण्याची सूचना लॉरेन्सोने नाकारली. गोळ्याने पाय निकामी झाल्यावर तो डोलकाठीपाशी खुर्चीत बसून हुकूम देत राहिला व दुसऱ्या गोळ्याने ठार झाला. जहाज बुडाले. जिवंत सापडलेल्या सुमारे वीस जणांस मलिक अयाझने चांगले वागविले.

केवळ खुंटांमुळे पराभव झाला, असे म्हणणे अर्थातच एकांगी होईल. आरंभीचा गैरसमज व मलिक अयाझचे आगमन ही कारणे गौण नव्हेत. तथापि माघार घेणाऱ्या आरमाराचे मुख्य जहाज बुडावे, यास खोल पाण्यासाठी बांधलेली नौका व ओहोटीची अरुंद खाडी यांचा विसंवादच प्रामुख्याने कारणीभूत झाला.

या दिवसाची किंमत दूरच्या लोकांना मोजावी लागली. पुत्रवधाचा सूड घेण्यास निघालेल्या व्हाइसरॉयने १५०८ च्या डिसेंबरअखेर आदिलशाहीतील दाभोळ जाळले व तेथे स्त्रिया-मुलांसह सरसकट कत्तल केली. त्यानंतर ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीव येथे त्याने हुसेनच्या आरमाराचा संपूर्ण पराभव केला. चेऊलचा विजय अशा रीतीने अकरा महिन्यांच्या आत निष्फळ झाला.

या दीर्घ संघर्षाच्या खुणा मराठी भाषेतही आढळतात. ‘आरमार’ हा शब्द पोर्तुगीज ‘आर्मादा’पासून आला, ‘गुराब’ हा अरबी ‘घुराब’पासून. एकमेकांविरुद्ध लढणाऱ्यांच्या बोलींतील हे दोन्ही शब्द पुढे मराठ्यांच्या दर्यावर्दी व्यवहारात शेजारी शेजारी नांदले. चेऊल १७४० मध्ये मराठ्यांकडे आले. तरी कोर्लई येथे पोर्तुगीज व मराठी यांच्या संपर्कातून घडलेली बोली आजही बोलली जाते.

लॉरेन्सोच्या मृत्यूचे वर्णन कामोंइशच्या ‘लुसियादश’ या महाकाव्याच्या दहाव्या सर्गात आले आहे. ज्यांचे खुंट त्या जहाजास आडवे आले, त्या मच्छीमारांपैकी एकाचेही नाव कोठे नोंदलेले आढळत नाही. भरती-ओहोटीचा हिशेब ठेवून ते खुंट रोवणाऱ्यांना खाडी ठाऊक होती. तीत लढावयास आलेल्यांना ती तितकी ठाऊक नव्हती. चेऊलच्या युद्धाचा विचार करताना हा फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे.