जुन्या पायडलांची पारख

जुनी सायकल पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम हँडलखालचा बिल्ला पाहतो. आम्ही प्रथम खाली वाकून पायडल पाहतो. बिल्ला बदलणे सोपे असते. पायडल मात्र कोणी किती वर्षे दाबले, हे लपवीत नाही.

पायडलचा इतिहास एका कारागिरापासून सुरू होतो. पिएर लालमाँ हा फ्रेंच गाडीकारागीर. अमेरिकेत जाऊन त्याने २० नोव्हेंबर १८६६ रोजी पायडलच्या दुचाकीचे पेटंट घेतले. त्या वेळी पायडल पुढच्या चाकालाच जोडलेले असे. नाव मात्र गाजले पॅरिसच्या मिशो कारखान्याचे. लालमाँ १८९१ साली बोस्टनला वारला. करणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार आम्हां कामगारांना काही नवा नाही! पुढे १८८५ च्या रोव्हर सायकलीने साखळीने फिरणारे मागचे चाक रूढ केले आणि पायडल क्रँकवर स्थिरावले.

आता पारखीकडे वळू. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पंधराव्या वर्षी हे ठाऊक नसल्याने आम्ही एक डावे पायडल नेहमीच्या दिशेने पाना फिरवून काढू लागलो, ते निघेना म्हणून पान्यावर हातोडी घातली आणि क्रँकचे आटे उडविले. मिस्त्रींनी आम्हांला ऐकविलेले शब्द येथे सांगण्याजोगे नाहीत. उलट्या आट्यांचे कारण असे: पाय दाबताना क्रँक फिरतो, त्यामुळे आसाभोवती दाबाची जागा सतत बदलते आणि आस आपल्या छिद्रात किंचित घरंगळते. उलटे आटे नसते, तर या घरंगळण्यानेच डावे पायडल सैल होऊन गळून पडले असते. छर्ऱ्यांच्या घर्षणाने पायडल घट्ट होते असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे नव्हे. घर्षणाचा जोर नेमका उलट दिशेला असतो.

आसाचे माप देश सांगते. इंग्लिश पायडलचा आस ९/१६ इंच, दर इंचास २० आटे. जुना फ्रेंच आस १४ मिलिमीटर. त्यावर उजव्यास डी आणि डाव्यास जी ही रोमन अक्षरे असतात. दोहोंत जेमतेम पाव मिलिमीटरचा फरक, म्हणून फ्रेंच आस इंग्लिश क्रँकमध्ये शिरतो खरा, पण डुगडुगतो. एकसंध क्रँकच्या अमेरिकन सायकलींना अर्धा इंची लागतो. मापपट्टीशिवाय जुने पायडल विकत घेऊ नये.

मुलामा पाहावा. क्रोमचा मुलामा सायकलींवर साधारण १९३० च्या सुमारास आला; त्यापूर्वीचा निकेल, किंचित पिवळसर झाक असलेला. १९१० चे म्हणून दाखविलेले पायडल निळसर चकाकत असेल, तर ते नंतरचे किंवा पुन्हा मुलामा दिलेले समजावे. मग आस बोटांत धरून पायडल फिरवावे. अडखळले तर छर्रे किंवा कोन खराब. झोका खात फिरले तर आस वाकलेला. छर्रे स्वस्तात मिळतात; वाकलेल्या आसाला इलाज नाही.

मध्यंतरी युनियनच्या कचेरीत एक सभासद आजोबांची सायकल घेऊन आले. डाव्या पायडलच्या टोपीवर बी.एस.ए.ची तीन बंदुकांची खूण होती. उजवे साधे, नंतरचे, चमकपट्टीचे. एका गिऱ्हाइकाने "सगळी बी.एस.ए. आहे" म्हणून चांगला भाव सांगितला होता. आम्ही म्हटले, भाऊ, ही कंपनी आपले सुटे भाग इतर कारखान्यांनाही विकीत असे. एका टोपीवरून सायकल ठरत नाही. त्यांचा चेहरा उतरला. मग आम्ही त्यांना डाव्या पायडलचे रबर दाखविले. ते एकाच कडेला झिजले होते. "आजोबा तो पाय जरा वाकडा टाकीत," ते हळूच म्हणाले.

गिऱ्हाइकाला त्यांनी नकार कळविला. आम्ही पायडल खोलून ग्रीस भरून दिले. रबर तसेच ठेवले.