हवेल्यांची दुकाने

दिल्लीच्या चांदनी चौकात विजेच्या सामानाचा मोठा बाजार आहे, भगीरथ पॅलेस. दिव्यांच्या माळांतून आम्ही वर पाहिले, तर जुने उंच खांब दिसले. ही बेगम समरूची हवेली. सरधन्याची ही जहागीरदारीण १८३६ साली वारली. पुढे इथे बँक आली. १८५७ साली तिच्यावर हल्ला झाला. विसाव्या शतकात वास्तू व्यापाऱ्याकडे गेली.

हवेलीचे दुकान कसे होते? बाजार वाढतो, हे खरेच. पण दिल्लीत आणखी काही घडले. १८५७ नंतर इंग्रजांनी शहर रिकामे केले. हिंदूंना आधी परतू दिले, मुसलमानांना बऱ्याच उशिरा. अनेकांची घरे जप्त झाली. १९४७ साली पुन्हा मालक सीमेपलीकडे गेले आणि तिकडचे निर्वासित इकडे आले. पोटासाठी कुणी दिवाणखान्यात दुकान मांडले, तर त्याला दोष कसा द्यावा?

जवळच बल्लीमारानातल्या गली कासिम जानमध्ये गालिब राहत. त्यांनी स्वतःचे घर कधी केले नाही. १८६९ साली त्यांचा इंतकाल झाला. पुढे त्या हवेलीतही धंदे थाटले गेले. २००० सालाच्या सुमारास सरकारने एक भाग मोकळा करून तिथे स्मारक केले. गल्लीबाहेर आज चपला-चष्म्यांची दुकाने आहेत.

पूर्वजांचे वैभव आम्ही भाषणांत मिरवतो. त्यांच्या घरांच्या सनदा, वक्फनामे मात्र पेटीत कसर खाते. भिंती वाचवणे हाती नसेल, निदान ते कागद तरी वाचू या.