चौकटींच्या पटावरील स्थैर्य

जे स्थिर दिसते ते निष्प्राण, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे, हे गणिताच्या अलीकडील इतिहासातील एका प्रकरणावरून दाखवावे, असा आमचा मानस आहे.

१९४० नंतरच्या दशकात स्टॅनिस्लॉ उलाम यांच्या सूचनेवरून जॉन फॉन नॉयमन यांनी चौकटींच्या पटावर स्वतःची प्रतिकृती घडविणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. त्यांच्या प्रत्येक घरास २९ अवस्था होत्या. केंब्रिजचे गणिती जॉन कॉनवे यांनी हा पसारा दोहोंवर आणिला : घर जिवंत वा मृत. आठ शेजाऱ्यांपैकी दोन वा तीन जिवंत असल्यास जिवंत घर टिकते, एरवी मरते. मृत घरास नेमके तीन जिवंत शेजारी लाभले तर ते जिवंत होते. मार्टिन गार्डनर यांनी १९७० च्या ऑक्टोबरात ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये या ‘जीवनाच्या खेळा’ची ओळख करून दिली.

आता चार जिवंत घरांचा चौरस घ्यावा. प्रत्येकास तीन शेजारी आहेत. बाहेरील कोणत्याही मृत घरास दोहोंपेक्षा अधिक नाहीत. म्हणून चौरस अक्षय टिकतो. प्रत्येक पिढीत प्रत्येक घराचा निवाडा नव्याने होतो आणि तो पूर्वीसारखाच ठरतो. हे स्थैर्य म्हणजे अखंड राखलेला तोल होय. उलट, पाच घरांची एक आकृती ११०३ पिढ्या धुमसत राहते. तेव्हा कोठे आठ चौरस, काही अन्य स्थिर व स्पंदणाऱ्या आकृती आणि दूर सरकत जाणारे सहा ‘ग्लायडर’ मागे उरतात.

कोणतीही सान्त आकृती अमर्याद वाढणार नाही, असे कॉनवे यांचे अनुमान होते. ते सिद्ध वा खोटे करणाऱ्यास त्यांनी ५० डॉलरांचे पारितोषिक लाविले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बिल गॉस्पर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दर ३० पिढ्यांनी एक ग्लायडर सोडणारी आकृती शोधिली; अनुमान कोसळले. एखादी आकृती अखेर स्थिरावेल की नाही, हे आगाऊ सांगणारी सार्वत्रिक रीतच असू शकत नाही, हेही पुढे सिद्ध झाले.

आमचे अनुमान खोडून काढणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही शिक्षक बहुधा गप्प बसवितो. येथे गुरूनेच त्यास बक्षीस लाविले होते. वर्गातील शांततेस स्थैर्य मानण्यापूर्वी आम्ही हे स्मरावे.