खाचापुरी : पश्चिम जॉर्जियातील पाहुण्यांच्या पावाचा इतिहास

काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्या मधोमध वसलेल्या जॉर्जियात पाहुण्यांसाठी जे पदार्थ हटकून केले जातात, त्यांत चीज भरून भाजलेल्या खाचापुरीचा मान मोठा आहे. 'खाचो' म्हणजे दूध नासवून काढलेला चोथा आणि 'पुरी' म्हणजे पाव, असा या नावाचा अर्थ असून तळलेल्या पुरीशी त्याची गल्लत करू नये. आज खाचापुरी साऱ्या देशाची ओळख बनली असली, तरी तिचे नामवंत प्रकार पाहिले तर इमेरुली इमेरेतीची, मेग्रुली सामेग्रेलोची, अजारुली अजाराची आणि गुरुली गुरियाची. म्हणजे जवळजवळ सर्वच, देशाचे पूर्व-पश्चिम भाग पाडणाऱ्या लिखी डोंगररांगेच्या पश्चिमेकडील. आश्चर्य याचे, की याच पश्चिमेच्या सखल भागात गव्हाचा पाव हे परंपरेने रोजचे अन्न नव्हते.

लिखीच्या पूर्वेला कोरडे हवामान, गव्हाची शेते आणि 'तोने' नावाची, तंदूरसारखी मातीची खोल भट्टी, जिच्या आतल्या भिंतीला लांबट पाव थापून चिकटवतात. पश्चिमेला मात्र समुद्रावरून येणारा पाऊस आणि दलदलीची जमीन असल्यामुळे तेथील शेतकरी 'घोमी' नावाचे बारीक तृणधान्य पिकवीत असे. हे धान्य म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने महाराष्ट्रातील राळाच, आणि ते शिजवून केलेल्या बिनमिठाच्या घट्ट लापशीलाही घोमीच म्हणत. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात सामेग्रेलोत अनेक वर्षे राहिलेला इटालियन धर्मप्रचारक आर्कांजेलो लांबेर्ती आणि १६७२-७३ च्या सुमारास तेथून इराणकडे गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या झाँ शार्दां या दोघांनीही या लापशीचे वर्णन लोकांचे मुख्य अन्न म्हणून केले आहे. पुढे अमेरिका खंडातला मका येथे रुजला आणि त्याने राळ्याला इतके मागे सारले, की घोमी हे नावही मक्याच्या लापशीकडे गेले आणि मक्याची 'मचादी' ही जाड भाकरी घरोघरी भाजली जाऊ लागली. पश्चिमेत गहू अजिबात नव्हता असे नाही. राचा आणि लेचखुमी या डोंगराळ भागांत माखा व झंदुरी हे गव्हाचे असे दुर्मीळ प्रकार होते, की विसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांचा आवर्जून अभ्यास केला. तथापि खालच्या भागातील सामान्य कुटुंबाला गव्हाचे पीठ जपून वापरावे लागे, आणि जपून ठेवलेली वस्तू सणाला किंवा पाहुण्यासाठीच बाहेर काढली जाते. उलट ओलसर हवेमुळे चाऱ्याला तोटा नसल्याने घरच्या गायीचे दूध आणि त्याचे चीज हाताशी असे. दुर्मीळ पीठ आणि मुबलक चीज यांच्या या मेळातूनच खाचापुरीची प्रतिष्ठा वाढली असावी. रोमन सैनिकांनी पिझ्झाचा पूर्वज येथे आणला, ही अधूनमधून ऐकू येणारी कथा सांगायला चटकदार असली, तरी स्थानिक शेती आणि चूल एवढे स्पष्टीकरण देत असताना तिची गरज भासत नाही.

चुलीचा भाग येथे महत्त्वाचा आहे, कारण चीजने जड झालेला गोल पाव तोनेच्या उभ्या भिंतीला धरून राहणे अवघड. त्यासाठी आडवा तापलेला पृष्ठभाग हवा. पश्चिमेत तो 'केत्सी'च्या रूपाने होता. केत्सी म्हणजे माती किंवा दगडाचे उथळ, जाड बुडाचे तवासदृश भांडे. ते आधी विस्तवावर चांगले तापवून मग त्यात मचादी किंवा खाचापुरी घालतात. इमेरुली खाचापुरीची कृती मराठी वाचकाला परकी वाटणार नाही, कारण पुरणपोळीचा उंडा भरावा त्याच रीतीने ती भरली जाते. दह्याच्या जवळच्या 'मात्सोनी' या विरजलेल्या दुधात कणीक सैलसर मळतात. मिठाच्या पाण्यात ठेवलेले ताजे इमेरेती चीज खारट असल्यास पाण्यात भिजवून, कुस्करून, अंड्यात कालवतात. मग पारीच्या मध्यभागी जवळपास पिठाइतकाच चीजचा गोळा ठेवून कडा वर घेतात, चुण्या मिटतात आणि सांधा खाली करून तळहाताने हलकेच थापत गोल रुंद करतात. थापताना घाई झाली तर पारी फाटते आणि वितळलेले चीज बाहेर येऊन करपते, म्हणून कसब मळण्यापेक्षा थापण्यात अधिक आहे. मेग्रुली प्रकारात चीज आत तर असतेच, शिवाय वरूनही पसरतात. त्यासाठी लागणारे 'सुलुगुनी' हे सामेग्रेलोचे चीज, गोठलेले दूध गरम करून, ताणून आणि मळून तयार होत असल्याने वितळल्यावर लांब तारा सोडते.

अजारुली हा यांतला सर्वांत थाटाचा प्रकार. तिची दोन्ही टोके निमुळती, कडा उंच आणि मधला भाग उघडा असतो. भट्टीतून काढण्याच्या सुमारास वितळलेल्या चीजवर अंडे फोडतात, लोण्याचा तुकडा ठेवतात, आणि खाणारा ते सारे गरम असतानाच ढवळून टोकाकडची कड तोडतो व मधल्या चीजमध्ये बुडवीत बुडवीत खातो. हा आकार नावेचा आणि पिवळे बलक म्हणजे समुद्रावर मावळणारा सूर्य, असे अजारातील बातुमी शहराच्या खानावळींत कौतुकाने सांगितले जाते. मात्र अजारा हा प्रांत १८७८ पर्यंत ऑटोमन साम्राज्यात होता आणि शेजारच्या तुर्की किनाऱ्यावर याच आकाराची 'पिदे' आजही भाजली जाते, हे ध्यानात घेतले तर नावेपेक्षा शेजाऱ्याकडे पाहणे अधिक सयुक्तिक ठरेल. अजारातील 'आचमा', म्हणजे उकडलेल्या पातळ पाऱ्यांच्या थरांत चीज घालून भाजलेला पदार्थ, आणि तुर्कांचे 'सू ब्योरेक' यांतील साम्य तर इतके आहे, की त्याबद्दल वाद घालण्यासारखे फारसे उरत नाही.

पाहुण्यांच्या मेजवानीला जॉर्जियन भाषेत 'सुप्रा' म्हणतात. 'तामादा' हा तिचा सूत्रधार एकामागून एक शुभेच्छा देत जातो, द्राक्षाच्या वाइनचे पेले भरले जातात, आणि आधीच्या ताटल्या न उचलता त्यांच्यावरच नव्या रचल्या जातात. खाचापुरी मात्र गरमच हवी म्हणून ती मध्येच, त्रिकोणी तुकडे करून आणली जाते. ही पद्धत अतिप्राचीन आहे असा लोकसमज असला, तरी मानवशास्त्रज्ञ फ्लोरियान म्यूलफ्रीड यांनी असे मांडले आहे की तिचे आजचे शिस्तबद्ध स्वरूप एकोणिसाव्या शतकात, रशियन सत्तेखाली राष्ट्रीय अस्मितेचा शोध सुरू असताना घडले. बार्बारे जोर्जाद्झे या सरदार घराण्यातील लेखिकेचे जॉर्जियन पाककृतींचे पुस्तक १८७४ मध्ये छापले गेले तेही याच काळात, हा योगायोग मानता येत नाही. प्रांतोप्रांतीच्या चुलींवरचे पदार्थ 'जॉर्जियन' म्हणून एकत्र ओळखले जाण्याची ती सुरुवात होती.

हे काम सोव्हिएत राजवटीने पुढे नेले. १९३८ मध्ये मॉस्कोत 'अराग्वी' हे जॉर्जियन उपाहारगृह सुरू झाले आणि सत्तेतील बड्या मंडळींच्या मेजवान्यांमुळे या पदार्थांना राजधानीत वजन आले. शहरांतील बेकऱ्यांमध्ये पापुद्र्यांच्या पिठाची 'पेनोवानी' खाचापुरी तयार होऊ लागली, जी कागदात धरून चालता चालता खाता येते. अशा रीतीने पाहुण्यांसाठी राखलेला पदार्थ कामावर जाणाऱ्याची न्याहारी बनला, तरी घरच्या सुप्रातले त्याचे स्थान ढळले नाही.

१९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाल्यानंतरच्या काळात तिबिलिसीतील आयसेट या अर्थशास्त्र संस्थेने 'खाचापुरी निर्देशांक' सुरू केला, ज्यात एक इमेरुली खाचापुरी घरी करण्यास लागणारे पीठ, चीज, अंडी, दूध, लोणी, यीस्ट आणि इंधन यांचा खर्च निरनिराळ्या शहरांत नियमितपणे मोजून महागाईचा अंदाज घेतला जातो. या आकड्यांत सर्वांत मोठा वाटा चीजचा असतो. चीज उन्हाळ्यात, गायी कुरणावर असताना, स्वस्त होते आणि हिवाळ्यात दूध आटले की महागते. नववर्ष आणि ७ जानेवारीचा नाताळ मात्र नेमके त्याच दिवसांत येतात, त्यामुळे पाहुण्यांची वर्दळ सर्वाधिक असते तेव्हाच यजमानाला खाचापुरीसाठी अधिक पैसे मोजावे लागतात.