एक तृतीयांश सेकंद
२५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध अखेरच्या टप्प्यात असताना सौदी अरेबियातील दहरान येथे अमेरिकी सैनिकांच्या निवासस्थानावर इराकचे स्कड क्षेपणास्त्र कोसळले. २८ सैनिक ठार झाले. रक्षणास तैनात असलेल्या पेट्रियट यंत्रणेने प्रतिकारच केला नाही.

दोष तिच्या संगणकाच्या कालगणनेत होता. ही यंत्रणा वेळ दशांश सेकंदांत मोजी, परंतु ०.१ हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत कधी संपतच नाही, २४ बिटांत बसवण्यासाठी तो छाटावा लागे. छाटलेला अंश नगण्य खरा, पण यंत्रणा चालू असेपर्यंत चूक साचत जाई. पेट्रियटची मूळ कल्पना काही तास चालून जागा बदलणाऱ्या यंत्रणेची; दहरानमध्ये ती १०० तासांहून अधिक काळ अखंड चालू होती. चूक झाली ०.३४ सेकंदांची. तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते! रडार आकाशाच्या भलत्याच भागात त्याचा शोध घेत राहिले.

इस्रायलने हा दोष ११ फेब्रुवारीलाच कळवला होता. यंत्रणा फार काळ चालवू नये, असा संदेश तुकड्यांना गेलाही. फार म्हणजे किती तास, हे त्यात नव्हते. एकदा बंद करून पुन्हा सुरू केली असती, तरी साचलेली चूक पुसली गेली असती.

सुधारित सॉफ्टवेअर दहरानला पोहोचले २६ फेब्रुवारीला.